घागरभर उतार

रस्ता सरळ आहे का वाकडा हे डोळ्यांना दिसतं. तो खरा आहे का लबाड, हे फक्त पाण्याला कळतं. सिद्रामप्पा मैलकुली अठरा वर्षं हेच सांगत आला होता. उदगीरहून देवणीकडं जाणाऱ्या सडकेचे तीन मैल त्याच्या अंगावर होते. अंगावर म्हणजे अंगावरच. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, कडेचे चर मोकळे ठेवायचे, बाभळीच्या फांद्या छाटायच्या, आणि जिथं नवी भर टाकली तिथं सडकेच्या मधोमध घागरभर पाणी ओतून बघायचं. पाणी दोन्ही अंगांना पळालं तर काम खरं. मधीच थबकलं तर खोरं उचल आणि पुन्हा लाग. साहेबलोकांकडं त्यासाठी तीन पायांचं पितळी यंत्र होतं. सिद्रामप्पाकडं घागर होती, आणि ती घागर डोक्यावर घेऊन त्याची बायको शिवकांता मागं चालायची. अठरा वर्षांत त्या घागरीनं खोटं सांगितलं नाही.

त्या साली मात्र घागरीत पाणीच नव्हतं.

तीन सालं पाऊस पाठ फिरवून गेला होता. त्यांच्या कवठाळी गावच्या विहिरीत पोहरा सोडला की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. आदल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. आधी कलेक्टराच्या दारात उभं राहायचं तर उस्मानाबादेपर्यंत ढुंगण घासत जावं लागायचं. आता जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांवरचा रंग नवा. दुष्काळ तेवढा जुनाच राहिला. त्याला कुणी दुसऱ्या जिल्ह्यात बदली दिली नाही.

नव्या जिल्ह्याला नवे रस्ते पाहिजेत म्हणून सिद्रामप्पाच्या सडकेचं नशीब उघडलं. ती आता मोठा रस्ता होणार होती, दुप्पट रुंद. जिल्ह्याच्या वाढदिवसाला पुढारी येणार, फीत कापणार. कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार होता अण्णाराव. पांढरेशुभ्र कपडे, काळी जीप. तो आठवड्यातून एकदा यायचा, खाली न उतरता बघायचा आणि जायचा. सगळं काम त्याच्या मुकादमाच्या हातात. मुकादमाचं नाव आप्पासाहेब. नावातच साहेब असल्यामुळं त्याला दुसरा कुठला साहेब दिसत नसे.

सारं गाव खडी फोडायला सडकेवर आलं. शिवकांता आली, तिची सून रुद्राणी आली. मुलगा हैद्राबादेला हमाली करत होता. शेत होतं तीन एकर, त्यात भेगा एवढ्या की शेळीचा पाय अडकायचा. सकाळी सूर्य वर यायच्या आत शिवकांता बोटांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायची, दोन पायांत दगड धरायची आणि हातोडा घालायची. बाराच्या उन्हात दगडाला हात लावला की तव्याला लावल्यासारखं व्हायचं. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं होतं. नवीन नख येत होतं तेही काळंच.

मुरमाचा थर टाकला की त्यावर पाणी मारायचं आणि मग रूळ फिरवायचा, हा कामाचा नेम. पाणी प्यालेला मुरूम रुळाखाली दगडासारखा बसतो. कोरडा फिरवला तर वरून भाकरी, आत भुसा. त्यासाठी गुत्तेदाराचा टँकर रोज मांजरा नदीच्या डोहातून भरून यायचा. गावाला प्यायचा सरकारी टँकर यायचा पाचव्या दिवशी. बायका रस्त्याच्या टँकरकडं जीभ बाहेर काढून बघायच्या. एक दिवस मुकादम म्हणाला, "घ्या गं. अण्णाराव म्हंतेत, रस्त्यापरीस मान्सं महत्त्वाची."

गावानं अण्णारावाला देवमाणूस केलं. आधी अर्धा टँकर गावाला, अर्धा रस्त्याला. मग पाऊण. मग सगळाच. रूळ कोरड्या मुरमावरनं धूळ उडवत फिरायला लागला. गुत्तेदाराचं काम झपाट्यानं पुढं सरकलं, वर पुण्यही पदरात पडलं. गावानं रस्ता पिला. शिवकांतानंही पिला. पिताना तिला ठाऊक होतं आपण काय पितो आहोत, पण तहानेला शहाणपण नसतं. चार घोट घशाखाली गेले की तोंड आपोआप मिटतं. गुत्तेदाराला तेच पाहिजे होतं.

अशानं काम वरच्या आळीपाशी आलं. तिथं मोरी होती.

निजामाच्या अमलातली मोरी. दोन्ही बाजूंनी काळ्या घडीव दगडाच्या भिंती, वर हातभर जाडीच्या फरश्या, वरून सडक. माळावरचं सगळं पाणी वरच्या आळीच्या तोंडाशी गोळा व्हायचं आणि या मोरीतून सडक ओलांडून खालच्या रानात जायचं. वरच्या आळीत सोळा घरं. त्यांत एक सिद्रामप्पाचं, एक चतुराबाईचं. मोरी उघडी तर आळी कोरडी. पंच्याहत्तर साली पुरात बाभळीचं खोड वाहत येऊन मोरीत आडवं बसलं होतं. अर्ध्या घटकेत आळीत कमरेएवढं पाणी. चतुराबाईचा देवणी बैल दावणीलाच बुडाला. दावं तोडायला तिचा नवरा पोचला तेव्हा बैलाचं नुसतं शिंग पाण्यावर होतं. सिद्रामप्पानं बुडी मारून खोड उपसलं म्हणून बाकीची घरं राहिली.

तेव्हापासून नेम होता. मृग लागायच्या आत नवरा-बायको गुडघ्यावर मोरीत शिरायचे. तो टिकावानं गाळ सोडवायचा, ती घमेलं ओढत बाहेर काढायची. आरपार उजेड दिसला की सिद्रामप्पा तोंडाशी असलेल्या दगडावर पाणी शिंपडायचा, विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि म्हणायचा, "बसवण्णा, वाट दे." मग नारळ. आळी खोबऱ्याचे तुकडे खाऊन पावसाची वाट बघायला मोकळी.

वैशाखात मुकादम बांधकाम खात्याच्या धाकट्या साहेबाला घेऊन मोरीपाशी आला. मोरी दोन्हीकडून वाढवायची असं कागदात होतं. मुकादमानं खाली उतरून तोंडात काठी घातली. काठी दोन वीत आत गेली आणि थांबली. आत फरशीला टेकेल एवढी वाळू साचली होती, बाभळीचा पाला, काटे, एक कुजकं खेटर.

"मेल्याली मोरी हाय, सायब," मुकादम म्हणाला. "तीन सालात थेंब गेला न्हाई हितनं. पुरून टाकू. दगड घडीव हाय, खालच्या थराला कामाला येतील."

"मैलकुली कोण आहे?" साहेबानं विचारलं.

सिद्रामप्पा खाकी सदऱ्याची गुंडी लावत पुढं आला. छातीवर पितळी बिल्ला.

"ही मोरी वाहते का?"

खडीच्या ढिगावरून शिवकांता बघत होती. तिचा हातोडा वरच्या वर थांबला. आता बोलतील, तिला वाटलं. पंच्याहत्तर साल सांगतील. बैल सांगतील.

सिद्रामप्पानं आपल्या पायांकडं बघितलं. "तीन सालं झाली... न्हाई वाहिली, सायब."

साहेबानं कागदावर आडवी रेघ मारली. रेघ मारायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला.

संध्याकाळी चुलीपुढं शिवकांतानं भाकरी थापता थापता विषय काढला. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती.

"गेल्या मिरगाला नारळ फोडलाव?"

"फोडला."

"इभूती लावलाव?"

"लावली की."

"आन गाळ?"

सिद्रामप्पानं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"मी ह्या रुद्राणीच्या बाळंतपणात होते गेल्या साली. त्याच्या आदल्या साली माहेरी होते. तुमी म्हनलाव, मी करतो एकटा. गाळ काढलाव का न्हाई, तेवढं सांगा."

"काय काढू?" तो एकदम चिडला. "पानी आलं का? आभाळात ढग न्हाई आन मी गुडघे सोलून घेऊ? इभूती लावली, नारळ फोडला, आलो. दोन साल झाले. बास?"

भाकरी तव्यावर पडली. शिवकांतानं हात झटकला.

रुद्राणी कोपऱ्यात तान्हीला पाजत होती. ती हळूच म्हणाली, "म्हंजे देवाला फशिवलाव, मामा."

"देव दगडाचा हाय, त्याला कायबी चालतं," शिवकांता म्हणाली. "पाण्याला न्हाई चालत. आज त्या मुकादमाची काठी दोन वीत गेली, ती तुमच्या आळसात अडकली. आन तुमी मान खाली घातलाव. तुमी मान खाली घातली म्हनून सोळा घरांच्या दारात धरन बांधायलेत."

"नोकरी जाईल, शिवकांते. अठरा सालात बिल्ल्याला डाग न्हाई."

"मग बिल्ला गळ्यात बांधून पोहा की पुरात."

त्या रात्री सिद्रामप्पा जेवला नाही. शिवकांता दोन भाकरी जेवली. सकाळी तिला काम होतं.

सकाळी ती खडीच्या ढिगाकडं वळलीच नाही. टिकाव आणि घमेलं घेऊन सरळ वरच्या तोंडानं मोरीत शिरली. आत माणसाला धड बसता येत नव्हतं, पोटावर झोपून वाळू ओढावी लागत होती. नाकातोंडात धूळ. काटे कोपरांत शिरत होते. एक घमेलं भरलं की मागं सरकत सरकत बाहेर यायचं. चौथ्या घमेल्याला मुकादम वर येऊन उभा राहिला.

"ए शिवकांते, तुझं नाव खडीच्या मस्टरला हाय, मोरीच्या न्हाई."

"खोडा मग."

"खोडलो!" मुकादम ओरडला. मग खडी फोडणाऱ्या बायकांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "आयका गं! ह्या बाईला मोरी पाहिजे. म्हंजे काम खोळंबनार. काम खोळंबलं तर अण्णाराव टँकर गावाला कशापायी देतील? उद्यापासून सगळं पानी रस्त्यावर. रस्ता पिनार. तुमी हिच्या मोरीत तोंड घाला."

बायकांचे हातोडे थांबले. चतुराबाई सगळ्यांत आधी उठली. पदर खोचून आली आणि वरून खाली वाकून म्हणाली, "काय गं, तुला लई आली का मस्ती? माजी नातवं काय पितील? तुज्या घरात खाकी सदरा हाय, आमच्याकडं हातोडाच हाय."

"चतुराबाई, तुजा बैल कुठं बुडाला गं?"

"त्याला आठ सालं झाली! आता पानी हाय का बुडायला?"

"हेच तर म्हंते की. पानी न्हाई तवाच मोरी उपसायची असती. पानी आल्यावर काय, डोळं उपसतीस?"

चतुराबाई थुंकून परत गेली. थुंकायलाही तोंडात फार काही नव्हतं.

दुपारी मुरमाचा ट्रक आला. शिवकांता तेव्हा मोरीच्या मधोमध होती, पुढच्या गाळावरच्या फटीतून खालच्या तोंडाचा उजेड येत होता त्यात हात चालवत. मुकादमानं ड्रायव्हरला हातानं खूण केली. ट्रक मागं आला, हौदा उचलला आणि खालच्या तोंडावर सगळा मुरूम ओतला गेला.

आत एकाएकी अंधार झाला. धुळीचा लोट फरशीखालून घुसला. शिवकांताच्या डोळ्यांत, घशात, कानात माती. क्षणभर तिला कुठली बाजू वर आणि कुठली खाली तेच कळेना. छाती फरशीत अडकल्यासारखी झाली. मग मागून कुणीतरी तिचा घोटा धरला. रुद्राणी. तान्हीला सडकेच्या कडेला भुईवर ठेवून ती आत शिरली होती. दोघी खेकड्यासारख्या मागं सरकत वरच्या तोंडातून बाहेर आल्या.

शिवकांता उठून उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत तांबडी, पापण्याही तांबड्या. कोपरातून रक्त. तिनं मुकादमाकडं बघितलं.

"आत कोनी हाय ते ठाव नव्हतं," मुकादम म्हणाला.

सकाळपासून शंभर माणसांना ठाव होतं. माणसं आपापल्या खडीकडं बघायला लागली. फक्त रूळ चालवणारा महेबूब, उदगीरचा म्हातारा, यंत्र बंद करून खाली उतरला. त्यानं आपल्या पिण्याच्या डब्यातलं पाणी शिवकांताच्या ओंजळीत ओतलं. "धो लेव भाभी, आंख धो लेव," तो म्हणाला, आणि मुकादमाकडं न बघता पुढं म्हणाला, "अंदर औरत थी, मियां. मेरे कू दिखी, तुमे नै दिखी?"

शिवकांतानं ते पाणी डोळ्यांना लावलं नाही. पिऊन टाकलं.

"मुकादम," ती म्हणाली, "मला गाडायचं असंल तर वरचं तोंडबी बुजवा. एका अंगानं बुजवून काय मान्सं मरतेत? अर्धवट काम करायची खोड गेली न्हाई तुमची."

पलीकडं कुणीतरी खुदकन हसलं. बाईच होती.

दुसऱ्या दिवसापासून गावाला टँकर बंद झाला. मुकादमानं बोलल्याप्रमाणं सगळं पाणी रस्त्यावर मारलं. बायका भांडी घेऊन उभ्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी मुरमात जिरत होतं. शिवकांताच्या दारासमोरून जाताना त्या मुद्दाम शिव्या देत गेल्या. एकीनं दारात राख टाकली. शिवकांता बाहेर आली आणि ओरडून म्हणाली, "पिऊ द्या की रस्त्याला! त्याचंच पानी हाय. महिना झाला आपुन चोरून पितोय. चोरीचं बंद झालं म्हनून रडायलाव?"

सिद्रामप्पा ओट्यावर बसून ऐकत होता. आत येऊन त्यानं तिच्या कोपरावर हळद दाबली.

तिसऱ्या दिवशी लातूरहून मोठा साहेब येणार म्हणून सकाळपासून सडकेवर धावपळ. मुकादमानं खालच्या तोंडावरचा मुरूम सारखा करून घेतला, वरून खडी पसरली, तेवढ्या घाईत पाणी मारायला सवड झाली नाही. महेबूबला रूळ आणायला सांगितलं. वरचं तोंड शिवकांताच्या गाळाच्या ढिगामागं झाकलेलं होतं. वरून बघितलं तर तिथं मोरी होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

त्याच सकाळी सरकारी टँकर येऊन गेला होता. घराला एक घागर, पाच दिवसांसाठी. शिवकांतानं घागर उचलली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

"अव्वा, घरात तान्ही हाय," रुद्राणी म्हणाली.

"ठाव हाय मला."

रुद्राणीनं लोटाभर पाणी काढून मडक्यात ठेवलं, आणि घागर स्वतःच्या हातानं सासूच्या डोक्यावर चढवली. "एवढं पुरंल तिला," ती म्हणाली. "बाकी मी दूध पाजते की."

मोठ्या साहेबाची जीप थांबली. अण्णारावाची काळी जीप मागं. साहेब उतरला, रुमालानं मान पुसली, रस्त्याकडं बघितलं. मुकादम पुढं पुढं. एवढ्यात शिवकांता सडकेच्या मधोमध, बुजवलेल्या मोरीच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. तिनं घागर उतरवली.

"बाई, बाजूला व्हा," साहेब म्हणाला.

"सायब, तुमच्याकडं तीन पायाचं यंतर असंल. माज्याकडं हे हाय."

आणि तिनं घागर ओतली.

सडकेच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शंभर घशांतून एकच आवाज आला. पाच दिवसांचं पाणी. कुणी तरी "अगं अगं" म्हणत धावलं आणि मधेच थांबलं. साहेबही नकळत एक पाऊल पुढं आला, जणू हातांनी ते अडवणार होता.

पाणी मधोमध पडलं. निम्मं तिथंच खडीत गडप झालं, जणू चाळणीत ओतलं. उरलेलं क्षणभर घुटमळलं, मग वळलं. खालच्या अंगाला एक थेंब गेला नाही. सगळं वरच्या आळीकडं सरपटत गेलं, गाळाच्या ढिगाला टेकलं, आणि धूळ अंगाला लावून तिथंच उभं राहिलं. त्याला जायला वाट नव्हती.

"बघितलाव?" शिवकांता म्हणाली. "एक घागर. माळावरनं येनारं पानी घागरीनं येत न्हाई."

"येडी हाय सायब, उन्हानं डोकं..." मुकादम बोलायला लागला.

"गप्प बस!"

हा आवाज सिद्रामप्पाचा होता. तो कधी ओरडलेला कुणी ऐकला नव्हता, त्यामुळं मुकादम खरंच गप्प झाला. सिद्रामप्पा खाकी सदऱ्यात पुढं आला. हात जोडले नव्हते. बिल्ला काढून त्यानं हातात धरला होता.

"सायब, मोरी मेली न्हाई. मी दोन साल गाळ काढला न्हाई. दगडाला इभूती लावली आन घरी जाऊन झोपलो. चूक माजी हाय. धाकट्या सायबानं इचारलं तवा मी हे बोललो न्हाई, ती दुसरी चूक. ह्या जाग्यावर पंच्याहत्तर साली कमरंएवढं पानी होतं. सोळा घरं हायेत. चुकीची शिक्षा मला द्या, मोरीला कशाला देताव?"

त्यानं बिल्ला पुढं केला. साहेबानं तो घेतला नाही. अण्णारावाकडं बघितलं. अण्णाराव आभाळाकडं बघत होता, तिथं काहीच नव्हतं.

"मी लातूरला जाऊन कागद बघतो," साहेब म्हणाला.

जीप वळली. दुसरी जीप तिच्या मागं वळली. नुसतं गडगडून गेलेल्या ढगाकडं शेतकरी बघतो तसं लोक त्या धुळीकडं बघत राहिले.

"झाला तमाशा," मुकादम म्हणाला. "महेबूब, रूळ आन हितं. चार फेरे मार."

महेबूबनं बिडी पेटवली. "खाली पोकळ है. आठ टन का है ये. नै चढाता मैं."

"मी सांगायलो न्हवं!"

"तुमे चढाव," महेबूब म्हणाला आणि रुळाच्या सावलीत पाय पसरून बसला.

शिवकांता रिकामी घागर तिथंच आडवी टाकून खालच्या अंगाला उतरली. खोरं घेतलं. मुरमात पहिला घाव घातला. सिद्रामप्पा शेजारी आला. दोघंच. मुरूम वरून घसरत होता, एक घमेलं काढलं की अर्धं परत भरायचं. लोक वरून बघत होते.

मग चतुराबाई खाली उतरली. तिनं शिवकांताच्या हातातलं घमेलं हिसकून घेतलं.

"तू उकर. मी वाहते," ती म्हणाली. "आन असं बघू नकोस माज्याकडं. माजा तुज्यावर लई राग हाय अजून. माज्या बैलापायी आलेय."

"बैलाचं नाव काय होतं गं?"

"सोन्या. उकर की, तोंड काय बघतीस!"

चतुराबाई उतरली तशी आळीतल्या बाकीच्या उतरल्या, त्यांच्या मागं ज्यांची घरं आळीत नव्हती त्याही. मुकादम काठावरून मस्टर उघडून एकेकीचं नाव घेऊन खोडायला लागला. "रुद्राणी, खोडलं! चतुराबाई, खोडलं!" तिसाव्या नावाला त्याचा आवाज बसला. खालून कुणीतरी ओरडलं, "मुकादम, माजं राह्यलं बगा! कमलम्मा! खोडा की, का खोडलाव आधीच?" आणि सगळ्या हसल्या. किती दिवसांनी त्या सडकेवर हसणं ऐकू आलं होतं.

ऊन कललं तेव्हा वरच्या अंगानं शिरलेला सिद्रामप्पाचा टिकाव आणि खालच्या अंगानं शिरलेलं शिवकांताचं खोरं एकमेकांवर खणकन आदळले. हातभर भोक पडलं. त्यातून उजेडाचा एक पट्टा आत आला, आणि त्यात तिला नवऱ्याचं तोंड दिसलं, मातीनं भरलेलं.

"आहाव का?" ती म्हणाली.

"हाय," तो म्हणाला.

सहा दिवस काम बंद राहिलं. बायका पाळीपाळीनं दोन्ही तोंडांशी बसल्या. गुत्तेदाराचा टँकर नाही, मस्टर नाही. पाणी अडीच कोसांवरून डोक्यावर आणलं. तिसरा दिवस आला, शिवकांताच्या घरी सरकारी घागर यायला अजून दोन दिवस होते. चतुराबाईनं तिच्या दारात अर्धी कळशी ठेवली आणि आतही न येता निघून गेली. सातव्या दिवशी अण्णाराव स्वतः आला आणि पहिल्यांदा जीपमधून उतरला. त्याला लाज वाटली असं कुणी समजू नये. फीत कापायची तारीख जवळ येत होती, आणि ज्याच्यावर रूळ चढत नाही असा रस्ता पुढाऱ्याला दाखवता येत नाही. घडीव दगड आले, गवंडी आले, दोन्ही अंगांनी भिंती वाढल्या, वर नव्या फरश्या पडल्या. तेवढ्या शंभर पावलांचा मुरूम पुन्हा उखडून पाणी मारून बसवला. बाकीचा रस्ता कोरडाच राहिला. ते भांडण अजून व्हायचं होतं, आणि बायका आता त्यासाठी हातोडे घासून बसल्या होत्या.

सिद्रामप्पाला महिनाभर घरी बसवलं. मोरीची निगा राखली नाही म्हणून. कागद खरा होता, त्यानं सही केली.

मृग लागायच्या आदल्या दिवशी तो अंघोळ करून, विभूतीची पुरचुंडी आणि नारळ घेऊन निघाला. आभाळ भांड्यासारखं लखलखीत, कुठं काळा ठिपका नव्हता. नव्या मोरीच्या तोंडाशी जुनाच दगड बसवून घेतला होता. तो वाकला, पुरचुंडी सोडली, तीन बोटं विभूतीत बुडवली.

"थांबा," मागून शिवकांता म्हणाली.

तिच्या एका हातात घमेलं होतं.

"अगं, महिना न्हाई झाला बांधून. गवंड्यानं झाडून दिलीय. आत काय असनार?"

"आधी हात. मग इभूती."

सिद्रामप्पानं तिच्याकडं बघितलं, मग बोटांकडं. बोटं सदऱ्याला पुसली. गुडघे टेकले, खांद्यापर्यंत हात मोरीत घातला आणि भिंतीच्या कडेनं चाचपडत गेला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत वाऱ्यानं आणलेली वाळू होती, आणि बाभळीची दोन पानं.

शिवकांतानं घमेलं पुढं केलं.